धाप आणि धास्ती : सीओपीडीसोबत जगताना मन सांभाळायचं कसं

सीओपीडीच्या रुग्णाला दिवसातलं अवघड काम कोणतं असं विचारलं, तर जिना किंवा चढ यांच्याआधी आंघोळीचं नाव निघू शकतं. सकाळी छातीत रात्रभराचा कफ साचलेला असतो. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडलेली असते. अंगावर पाणी घेताना हात वर जातात आणि श्वासाला मदत करणारे खांद्या-मानेचे स्नायू त्या कामात गुंतून पडतात. दोन तांबे होतात न होतात तोच धाप लागते. दाराला आतून कडी असते. ‘इथेच कोसळलो तर कुणाला कळणार?’ असा विचार येतो आणि धाप आणखी वाढते. असं चार-पाच वेळा झालं की माणूस आंघोळ टाळू लागतो. घरच्यांना वाटतं, आळशी झाला. दवाखान्यात तो हे सांगत नाही, कारण तिथे खोकला, कफ आणि पंप एवढंच विचारलं जातं.

सीओपीडी, म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज, या आजारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांची लवचीकता जाते. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१६ मध्ये भारतात सुमारे साडेपाच कोटी लोकांना हा आजार होता. त्यामागे विडी-सिगारेट आहेच. पण चुलीचा धूर, क्षयरोगाने मागे ठेवलेले व्रण, खाणी आणि गिरण्यांमधली धूळ यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं होतं. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या, पण तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बायका या आजाराच्या रुग्ण आहेत.

या रुग्णांपैकी साधारण चारांतल्या एकाला नैराश्य असतं, आणि चिंतेचा त्रासही तितकाच सर्रास दिसतो. तरी मनाच्या या दुखण्याला ‘एवढा आजार म्हटल्यावर असं व्हायचंच’ म्हणून सोडून दिलं जातं. ते सोडून देऊ नये. सीओपीडीत धाप आणि भीती एकमेकींना शरीराच्या पातळीवर वाढवतात, त्यामुळे मन सांभाळणं हा फुप्फुसाच्या उपचाराचाच भाग आहे. हे नेमकं कसं घडतं ते कळलं, की कुठे काय करायचं तेही कळतं.

छातीत काय घडतं

श्वास आत घेताना स्नायूंना काम करावं लागतं. बाहेर सोडताना निरोगी फुप्फुसं आपोआप आकसतात आणि हवा सहज निघून जाते. सीओपीडीत हे आकसणं दुबळं होतं आणि वाटाही अरुंद झालेल्या असतात. हवा आत जाते, पण बाहेर पडायला तिला जास्त वेळ लागतो. एसटी थांब्यावर लागल्यावर आतली माणसं उतरण्याआधीच बाहेरची चढायला लागली, तर दारात जी कोंडी होते, तीच छातीत होते. जुनी हवा निघायच्या आत नवा श्वास घेतला जातो आणि प्रत्येक श्वासागणिक थोडी थोडी हवा आत अडकत जाते. छाती फुगते. एरवी घुमटासारखं वर उचललेलं श्वासपटल खाली दबून सपाट होतं आणि त्याची ओढण्याची ताकद घटते.

अशा वेळी रुग्ण म्हणतो, ‘हवाच आत जात नाहीये.’ त्याला खरोखर तसंच जाणवत असतं. प्रत्यक्षात आतली हवा बाहेर गेलेली नसते, म्हणून नव्या हवेला जागा उरलेली नसते.

आता यात भीतीची भर घाला. माणूस घाबरला की श्वास जलद आणि उथळ होतो. श्वास जलद झाला की उच्छ्वासाला मिळणारा वेळ कमी होतो. वेळ कमी झाला की आणखी हवा अडकते, धाप वाढते, आणि वाढलेली धाप पाहून माणूस आणखी घाबरतो. निरोगी माणूस घाबरला तर त्याचाही श्वास वाढतो, पण त्याच्या छातीत हवा अडकत नाही. सीओपीडीच्या रुग्णाला भीतीची किंमत छातीत मोजावी लागते. म्हणून ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असं त्याला म्हणणं चूक आहे आणि ‘मनाचा काही संबंध नाही’ असं म्हणणंही चूक आहे.

मेंदूत काय घडतं

श्वास कोंडणं हा शरीरातला फार जुना आणि फार जोरकस धोक्याचा इशारा आहे. भूक, तहान, वेदना यांना थोडा वेळ तरी थांबवता येतं. श्वास कोंडला की मेंदू बाकी सगळं बाजूला ठेवतो. मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणि स्नायूंवरचा ताण यांची सतत दखल घेत असतं. शरीराच्या आतल्या संवेदना टिपणारे आणि भीती जागवणारे मेंदूचे भाग त्याच वेळी कामाला लागतात. त्यामुळे धाप ही निव्वळ छातीतली संवेदना राहत नाही. भीती तिच्यात मिसळूनच येते.

शिवाय मेंदू शिकतो. एकदा जिन्यात जीव घाबरा झाला, की पुढच्या वेळी पहिली पायरी दिसताच छाती धडधडू लागते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सीओपीडीच्या रुग्णांना एमआरआय यंत्रात झोपवून जिने चढण्यासारख्या प्रसंगांचे नुसते शब्द दाखवले आणि त्या वेळी मेंदूचा प्रतिसाद नोंदवला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, काही आठवड्यांच्या फुप्फुस-पुनर्वसनानंतर, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामानंतर, हा प्रतिसाद बदलताना दिसला. फुप्फुसं होती तशीच होती, पण धापेची भीती उतरली होती. फुप्फुसाची झीज भरून निघत नाही. भीतीचं हे शिकणं मात्र बदलता येतं.

तीन चक्रं

केंब्रिजमध्ये धापेच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका पथकाने ही गुंतागुंत तीन चक्रांत मांडली आहे. पहिलं चक्र श्वासाचं: धाप लागली की श्वास जलद होतो आणि जलद श्वासाने धाप वाढते. दुसरं विचारांचं: धाप लागली की ‘आता संपलं’ असं वाटतं आणि त्या धसक्याने धाप वाढते. तिसरं हालचालीचं: धाप नको म्हणून माणूस बसून राहतो, स्नायू दुबळे होतात आणि मग थोड्याशा कामानेही धाप लागते. एका रुग्णात तिन्ही चक्रं असू शकतात, पण बहुधा एखादं जास्त जोरात असतं. आपलं कोणतं, हे ओळखून तिथून सुरुवात करावी.

श्वासाचं चक्र कसं तोडायचं

धाप लागल्यावर काय करायचं याचा क्रम बरं वाटत असतानाच पाठ व्हायला हवा. ऐन वेळी नवं काही सुचत नाही.

पहिलं काम, थांबायचं आणि टेकायचं. खुर्चीत बसून पुढे वाका आणि कोपरं मांड्यांवर किंवा टेबलावर टेकवा. उभे असाल तर ओट्यावर, कठड्यावर किंवा भिंतीला हात टेकून किंचित पुढे झुका. हातांना आधार मिळाला की खांद्या-मानेचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात आणि श्वासपटलालाही नीट काम करता येतं. आडवं पडू नका; त्याने त्रास वाढतो.

दुसरं काम, तोंडावर वारा घ्यायचा. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, नाक आणि गालांवर वारा येईल असा धरा. केंब्रिजमध्येच झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पायांवर वारा घेण्यापेक्षा चेहऱ्यावर वारा घेतल्याने धापेची जाणीव कमी झाली. चेहऱ्याच्या त्वचेतल्या मज्जातंतूंना मिळणारा गारवा मेंदूतली ही जाणीव सौम्य करतो, असं मानलं जातं. पंखा नसेल तर चेहऱ्यावरून ओला रुमाल फिरवा किंवा खिडकीपाशी बसा.

तिसरं काम, श्वास सोडायचा. नाकाने थोडाच श्वास घ्या आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ द्या, पण जोर लावू नका. चंबूमुळे श्वासनलिकांत थोडा दाब टिकतो, त्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. आकडे मोजणं जमत नसेल तर समोरच्या खिडकीच्या चौकटीवरून नजर फिरवा: आखूड बाजूवर श्वास घ्या, लांब बाजूवर सोडा.

तातडीचा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, शक्यतो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घ्या. श्रमाने लागलेली धाप बहुतेक वेळा काही मिनिटांत उतरते. पण पंप घेऊनही आराम पडत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल, एक वाक्यही पूर्ण बोलता येत नसेल, किंवा माणूस गुंगीत जात असेल, असंबद्ध बोलत असेल, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा.

आपल्याकडे श्वासाचा विषय निघाला की प्राणायाम निघतोच. ज्यात उच्छ्वास लांब आणि सावकाश असतो, असे ओंकार किंवा भ्रामरीसारखे प्रकार बऱ्याच जणांना मानवतात. कपालभाती, भस्त्रिका असे जलद झटक्यांचे प्रकार आणि श्वास रोखून धरण्याचा कुंभक मात्र छातीत हवा अडकणाऱ्याने छातीच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नयेत.

विचारांचं चक्र

धाप लागताच मनात येणारे विचार ठरलेले असतात: ‘आता श्वास परत येणारच नाही’, ‘ऑक्सिजन संपला’, ‘हा अटॅक आहे’. ‘घाबरू नको’ असं सांगून हे विचार जात नाहीत. त्यांच्यापुढे स्वतःच्याच अनुभवाचा पुरावा ठेवावा लागतो. म्हणून एक कार्ड करा. त्यावर स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहा: ‘असं आधीही झालंय. दर वेळी श्वास परत आलाय. टेकायचं, वारा घ्यायचा, श्वास सोडायचा. तरी कमी झालं नाही तर अमुक नंबरला फोन.’ हे कार्ड खिशात ठेवा आणि एक प्रत फ्रिजवर चिकटवा, म्हणजे घरच्यांनाही ते वाचून दाखवता येईल.

कोविडनंतर घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरने या चक्राला नवं खतपाणी घातलं आहे. बोटाला चिमटा लावायचा, आकडा पाहायचा, पुन्हा लावायचा, असं दिवसभर चालतं. धाप आणि ऑक्सिजनचा आकडा हातात हात घालून चालत नाहीत. छातीत हवा अडकून प्रचंड धाप लागलेली असतानाही आकडा चांगला असू शकतो. उलट आकडा कमी असूनही एखाद्याला फारसं जाणवत नाही. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांना ९८ गाठायचेही नसतात. ऑक्सिजन द्यावा लागणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठण्याची भीती असते, त्यांच्यासाठी ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य धरलं जातं. तेव्हा आपला आकडा किती असावा, तो दिवसातून किती वेळा पाहावा आणि किती खाली गेल्यावर फोन करावा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. एरवी यंत्र कपाटात ठेवा. घरी ऑक्सिजन देणारं कॉन्संट्रेटर यंत्र असेल तर धाप लागली म्हणून त्याचा प्रवाह आपल्या मनाने वाढवू नका. काही रुग्णांत त्याने कार्बन डायऑक्साइड धोकादायक वाढतो.

विचारांची पद्धत बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाला सीबीटी म्हणतात. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला श्वसनविकाराच्या परिचारिकांनीच ते शिकून रुग्णांना दिलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रुग्णांची चिंता कमी झालीच, शिवाय त्यांच्या रुग्णालयाच्या फेऱ्याही कमी झाल्या. ब्रिटनमध्येच २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टॅन्डेम’ चाचणीत मात्र पुनर्वसनाआधी घरी जाऊन दिलेल्या अशा सत्रांचा विशेष फायदा दिसला नाही. म्हणजे प्रत्येकाला समुपदेशन लावून दिलं की झालं, असं नाही. ज्याचं विचारांचं चक्र खरोखर जोरात आहे, त्याने ते जरूर घ्यावं. बाकीच्यांना पुढचा मार्ग जास्त उपयोगी पडतो.

हालचालीचं चक्र

तो मार्ग आहे फुप्फुस-पुनर्वसनाचा. न वापरलेले पायांचे स्नायू लवकर थकतात, त्यांना तेवढ्याच कामासाठी जास्त श्वास लागतो, आणि आधीच अडलेल्या छातीवर आणखी भार पडतो. पुनर्वसनात सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा देखरेखीखाली चालणं, हातापायांचे व्यायाम, श्वासाचं तंत्र आणि आजाराची माहिती दिली जाते. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात अशा ६५ चाचण्या पाहिल्या गेल्या. फायदा इतका स्पष्ट होता की ‘पुनर्वसन करावं की नेहमीचेच उपचार द्यावेत’ हे तपासणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही, असा निष्कर्ष निघाला. चालण्याची ताकद वाढते, धाप कमी होते आणि मनही सावरतं. देखरेखीखाली मुद्दाम धाप लागू द्यायची आणि ती उतरते हे पाहायचं, हाच भीतीवरचा मोठा उतारा ठरतो.

महाराष्ट्रात ही सोय मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाही. मोठ्या रुग्णालयाच्या छातीरोग किंवा फिजिओथेरपी विभागात चौकशी करावी. मिळालीच नाही, तर तपासणी करून घेऊन आणि डॉक्टरांना विचारून घराजवळच्या सपाट रस्त्यावर सुरुवात करता येते. चालताना धाप लागायला हरकत नाही. अधूनमधून वाक्य बोलता यावं इतपत असली म्हणजे झालं. आज घरापासून दुकानापर्यंत, पुढच्या आठवड्यात देवळापर्यंत, असं वाढवत जावं.

रोजची कामं टाळू नका, करण्याची रीत बदला. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल घ्या, पाणी कोमट ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि कडी न लावता दार नुसतं लोटा. अंग पुसत बसण्यापेक्षा मोठा पंचा अंगाभोवती लपेटून पाच मिनिटं बसा. वाकताना, उचलताना, पायरी चढताना श्वास सोडा. भाजी बसून चिरा. मिरचीची फोडणी देताना रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा. उदबत्ती, धूप, कापूर, मच्छर अगरबत्ती हे सगळे धूरच आहेत. देवापुढे निरांजन पुरतं.

बरं वाटणाऱ्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि मग दोन दिवस अंथरुणात पडायचं, ही चूक फार जण करतात. कामाचे तुकडे पाडावेत आणि दमण्याआधीच थांबावं. त्यातही आवडीचं काम आधी करावं. सगळी शक्ती आंघोळ, कपडे आणि औषधांत संपून गेली, तर जगण्यात गोडी उरत नाही. आठवड्यातून एकदा भजनी मंडळात जायचं असेल, तर त्या दिवशी आंघोळ संध्याकाळवर ढकलली म्हणून काही बिघडत नाही. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या रुग्णांसाठी मुद्दाम गाण्याचे वर्ग चालतात. गाण्यात लांब आणि आवरलेला उच्छ्वास असतो, आणि चार माणसांची सोबत मिळते. भजनाला बसणाऱ्याला या दोन्ही गोष्टी आपसूकच मिळतात. देवदर्शन पायऱ्यांमुळे सुटलं असेल तर पर्याय शोधावेत: वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून रेल्वेसारखी ट्रॉली आहे, पायऱ्याच चढल्या पाहिजेत असं उरत नाही.

उदासी कशी ओळखायची

भीती आरडाओरडा करते, उदासी गप्प असते. ती ओळखायला जगभर दोन साधे प्रश्न वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न किंवा निराश होतं का? आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांशी बोलायला हवं. सीओपीडीत थकवा, कमी झोप, उतरलेली भूक आणि घटणारं वजन ही लक्षणं आजारामुळेही असतात, म्हणून त्यांच्यावरून अंदाज चुकतो. रस जाणं ही जास्त भरवशाची खूण आहे. पेपर घडी न मोडता पडून राहतो, नातवंडाचा फोन ‘नंतर’वर जातो, क्रिकेटचा सामना चालू असतो पण लक्ष नसतं.

मनाचं औषध सुरू करण्याआधी शरीरातली कारणंही तपासावी लागतात. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला तर चिडचिड आणि गोंधळ होतो. कार्बन डायऑक्साइड साठला तर सकाळी डोकं दुखतं आणि दिवसा झापड येते. सालब्युटामॉलच्या पंपाने आणि थिओफिलिनच्या गोळ्यांनी हात थरथरतात, छाती धडधडते, आणि माणसाला वाटतं की आपण घाबरलोय. तोंडाने घेतलेल्या स्टेरॉइडमुळे झोप उडते आणि मनःस्थिती वरखाली होते. मॉन्टेलुकास्ट असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. त्यांच्यामुळे काहींना वाईट स्वप्नं, अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर कडक इशारा छापायला लावला. यांतलं कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करू नका, पण ‘हे औषध सुरू झाल्यापासून मन ठीक नाही’ हे डॉक्टरांना जरूर सांगा.

नैराश्याच्या गोळ्या लागल्या तर त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि नेहमी वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. बंद करताना मात्र त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात. सावध राहायचं ते झोपेच्या आणि ‘टेन्शनच्या’ गोळ्यांपासून. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या श्वसनकेंद्राला मंद करू शकतात. शेजाऱ्याच्या पाकिटातली किंवा दुकानातून मागून आणलेली अशी गोळी सीओपीडीच्या रुग्णाने घेऊ नये. दारूचंही तेच.

विडी-सिगारेट सुटत नसेल तर एक लक्षात ठेवावं. झुरका मारल्यावर जी शांतता वाटते, ती बरीचशी निकोटिनची तलफ भागल्याची असते. सिगारेट सोडलेल्यांची चिंता आणि उदासी काही आठवड्यांनंतर वाढण्याऐवजी कमी झालेली आढळते.

बोलायला जवळ कुणी नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या या सेवेचा क्रमांक १४४१६ असून तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जगणं नको वाटत असेल, तर आजच फोन करावा आणि घरातल्या एका माणसाला सांगावं.

लाज आणि अपराधीपणा

या आजाराला चारचौघांतली लाज चिकटलेली असते. बसमध्ये खोकला आला की लोक तोंड वळवतात. पंप बाहेर काढला की ‘त्याची सवय लागते, सोडून द्या’ असा सल्ला मिळतो. पंपाची सवय लागत नाही. चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून कुणी चष्म्याचा व्यसनी होत नाही. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, त्यामुळे गोळीच्या मानाने फार थोडं पुरतं. लाजेपायी लग्नाकार्यात पंप न घेणारा रुग्ण धाप लागून मधूनच उठतो, आणि पुढच्या आमंत्रणाला जातच नाही. एकटेपणाची सुरुवात अशी होते.

विडी ओढलेल्या माणसाच्या मनात ‘हे मीच ओढवून घेतलं’ असतं आणि घरचे ते अधूनमधून ऐकवतातही. व्यसन लावण्यावरच एक अख्खा धंदा उभा आहे, हे विसरलं जातं. दोष देऊन फुप्फुस सुधारत नाही. दोषाला कंटाळलेला माणूस तपासणी तेवढी टाळतो. चुलीच्या धुराने आजारी पडलेल्या बाईचं दुखणं वेगळं. ती कुणाला दोष देत नाही, पण ‘घरातलं काम माझ्याच्याने होत नाही’ याचा कमीपणा तिला खातो आणि ती शेवटपर्यंत सांगत नाही. तिला मुद्दाम विचारावं लागतं.

घरच्यांनी काय करावं

घरच्यांच्या दोन चुका होतात. एक, ‘तू बस, काही करू नकोस’ म्हणून हातातलं प्रत्येक काम काढून घेणं. यातून स्नायूही जातात आणि मानही जातो. दुसरी, ‘काल तर चालत होतास, आज काय झालं?’ हा प्रश्न. सीओपीडी रोज सारखी नसते. दमटपणा, थंडी, धूर, कफ यांप्रमाणे ती बदलते. बाबांनी पालेभाजी निवडावी, हिशेब पाहावेत, नातवाचा अभ्यास घ्यावा. कर्त्या माणसाला काम हवं असतं.

धाप लागलेली असताना प्रश्न विचारू नका. बोलायला श्वास लागतो. शेजारी बसा, पंखा धरा, स्वतः सावकाश श्वास सोडा. होकारासाठी बोटाची खूण ठरवून ठेवा. दिवाळीच्या फटाक्यांत, होळीच्या संध्याकाळी आणि घराला रंग लावताना काय करायचं, कुठे राहायचं, हे आधीच ठरवा. नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल या घरांत कुणी बोलत नाही, पण धापेच्या भीतीने तीही सुटलेली असते. दम न लागणारी स्थिती निवडणं आणि आधी पंप घेणं एवढ्यानेही फरक पडतो. डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नये.

सांभाळणाऱ्याचंही मन थकतं. रात्री त्याचे कान शेजारच्या श्वासावर असतात. आठवड्यातले काही तास दुसऱ्या कुणीतरी जबाबदारी घ्यावी आणि त्याने घराबाहेर पडावं. वर दिलेले दोन प्रश्न त्यानेही स्वतःला विचारावेत.

न बोलला जाणारा प्रश्न

‘शेवटी गुदमरून जाणार का?’ हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो आणि घरात तो कुणी काढत नाही. छातीच्या डॉक्टरांना तो सरळ विचारावा. आजार बळावल्यावरही धाप सुसह्य करण्याचे उपाय असतात. त्यांत अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिनही येतं, अर्थात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. त्यासाठीची उपशामक सेवा शेवटच्या दिवसांपुरती नसते, ती नेहमीच्या उपचारांसोबत घेता येते. व्हेंटिलेटरबाबत आपली इच्छा काय, हेही शुद्धीवर असताना सांगून किंवा लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. हे बोलणं अशुभ नाही. ते झाल्यावर अनेकांच्या मनावरचा भार उतरतो.

पुढच्या तपासणीला जाताना पंपाच्या चिठ्ठीसोबत एक कागद न्या. धापेच्या भीतीने गेल्या महिन्यात कोणकोणत्या गोष्टी टाळल्या, त्या त्यावर लिहा: आंघोळ, जिना, लग्न, देऊळ, जे असेल ते. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि पुनर्वसनासाठी कुठे जायचं ते विचारा. खोकला सांगायला आपण लाजत नाही. भीती सांगायलाही लाजू नका.